पातेल्यातले चाळीस वॅट

व्हर्ला कुबिचेकशी वाद घालू नये, हे सीडर रॅपिड्समधल्या त्या रेडिओ कारखान्यात नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी कानात सांगायचं. ती भांडकुदळ होती म्हणून नव्हे. उलट ती वाद घालतच नसे. समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि म्हणायची, "बरं. मोजू या." आणि एकदा मोजलं की बोलणाऱ्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

सत्तावन्न साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ती तिथं तारा जोडायच्या रांगेत कामाला लागली. चेक वस्तीतल्या खाटकाची पोर, कॉलेजचं फाटक तिनं बाहेरूनच पाहिलेलं. पण हात असा स्थिर, की एमिल व्होंड्राक नावाच्या म्हाताऱ्या मुकादमानं दोन वर्षांत तिला रांगेतून उचलून चाचणीच्या टेबलावर बसवलं. बाई टेबलावर बसलेली पाहून तेव्हा पुरुषांनी नाकं मुरडली होती. एमिलनं त्यांना सांगितलं, "तिच्याइतकं अचूक मोजून दाखवा, उद्या तुम्हाला बसवतो." कुणी पुढं आलं नाही.

त्या टेबलाचं काम एकच. तयार ट्रान्समीटर किती ताकदीनं लहर सोडतो ते मोजायचं, कागदावर लिहायचं आणि खाली सही करायची. एमिलनं पहिल्याच दिवशी तिला घोकून घेतलं होतं, "आधी लहर सपाट, मग मोजणी." म्हणजे असं, की माणसाचा आवाज लहरीवर चढला की ती वरखाली होते आणि काटा थरथरतो. म्हणून आधी हिरवा खटका दाबून आवाज तोडायचा, लहर एकसारखी करायची आणि मग ताकद बघायची. एमिल गेला, तिचा नवरा लेनर्ड गेला, कारखान्याचे तीन मालक बदलले, पण व्हर्लाच्या टेबलावरचा हा नेम बदलला नाही. शहाण्णव साली ती साठीची झाली, तेव्हा तिची सही असलेले ट्रान्समीटर अलास्कापासून फ्लोरिडापर्यंत बोलत होते. तिला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

त्याच वर्षी कारखान्याला खेड्यापाड्यांतल्या अग्निशमन पथकांसाठी अठ्ठेचाळीस नव्या ट्रान्समीटरचं काम मिळालं. नव्या, म्हणजे आकड्यांची भाषा बोलणाऱ्या, डिजिटल. जुना रेडिओ दूर गेलं की खरखरायचा, घसा बसल्यासारखा बोलायचा, पण बोलायचा. नवा एक तर घंटेसारखा स्वच्छ बोलतो नाहीतर मुका होतो, मधलं काही नाही. त्याची लहरही वेगळी. आवाज असो नसो, ती सेकंदाला हजारो वेळा उसळते आणि बसते. हे सगळं क्रेग लुंडबीनं आणलं होतं. क्रेग अठ्ठावीस वर्षांचा इंजिनियर, एम्सच्या विद्यापीठातून पहिल्या वर्गात आलेला, कामसू, नम्र, आणि आपण चुकू शकतो हे कुणी न सांगितलेला.

पहिले बारा ट्रान्समीटर फेब्रुवारीत गेले. बाराही कागदांवर चाळीस वॅट लिहिलेलं आणि खाली 'व्ही. कुबिचेक'.

एप्रिलच्या एका सोमवारी हॅकेट्स बेंडहून एक खोकं आलं. आत कमरेला लावायचा छोटा रेडिओ आणि पथकप्रमुख रोली ग्रिमचं पत्र. हॅकेट्स बेंड म्हणजे नदीच्या वळणात, टेकडीखाली बसलेलं शे-दीडशे घरांचं गाव. तिथं मार्चमध्ये भर दुपारी बाक्केन नावाच्या शेतकऱ्याचं कोठार जळालं, आतल्या एकोणीस गाईंसकट. समोरच राहणारा एल्डन रीस हा पथकातला स्वयंसेवक होता, पाण्याच्या गाडीची किल्ली त्याच्याकडे. तो आलाच नाही. तळघरात, खिडकीकडं पाठ करून, लाकूड कापत बसला होता आणि म्हणे, माझा रेडिओ वाजलाच नाही. गाव म्हणत होतं, हा पिऊन पडला असणार. रोलीनं त्याच्याकडून रेडिओ काढून घेतला होता. त्यानं एवढंच विचारलं होतं, की हा रेडिओ नादुरुस्त आहे का, कळवा. शेवटी एक ओळ होती, 'बावीस वर्षांत एल्डन एकदाही चुकला नव्हता, म्हणून विचारतो.'

व्हर्लानं रेडिओ तपासला. तो नव्यासारखा होता.

"म्हणजे झोपलाच होता बाबा," शेजारच्या टेबलावरची डोरीन म्हणाली. डोरीन हात चालवताना तोंडही चालवायची. दोघी एकवीस वर्षं शेजारी होत्या.

"बावीस वर्षं न चुकलेला माणूस तेविसाव्या वर्षी खोटं बोलायला शिकतो का गं?"

"माझा पहिला नवरा शिकला की! लग्नाच्या विसाव्या वर्षी."

व्हर्ला हसली, पण तिच्या डोक्यातून ते जाईना. ऐकणारा ठीक असेल तर बोलणारा बघायला हवा. हॅकेट्स बेंडचा बोलणारा ट्रान्समीटर पहिल्या बारांतला होता, आणि त्याच्या कागदावर तिची सही होती.

डोरीनच्या टेबलावर पुढच्या खेपेतला एक ट्रान्समीटर, कामावर असतो तसाच, चालू होता. क्रेगच्या नव्या मापकावर चाळीस वॅट दिसत होते. व्हर्लानं कपाटातून आपला जुना मापक काढला, डोरीनच्या कशालाही हात न लावता नवा सोडवला आणि तिथंच जुना जोडला. तो एकतीसवर जाऊन बसला.

तिनं पुन्हा नवा जोडला. चाळीस. पुन्हा जुना. एकतीस.

इथं दोन शब्द सांगायला हवेत. जुना मापक लहर एका बारीक तुकड्यात जाळतो आणि तो किती तापला ते सांगतो. मंद आहे, पण लहर कशी का नाचेना, तो फक्त ऊब मोजतो. नव्यात डायोड असतो. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. लहर आत येते, मागं एका छोट्या टाकीत विजेचा दाब साठतो आणि त्या दाबावरून ताकद ओळखायची. तो चपळ असतो, इवलीशी लहरही पकडतो. सगळ्या जगानं तेव्हा डायोड उचलून धरला होता, आणि उगाच नव्हे.

क्रेग आला, त्यानं पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "व्हर्ला, तुमचा हा मापक एकोणनव्वद साली कुणीतरी भाजला होता ना? त्याची नोंद आहे. तो आता कमीच दाखवणार."

"भाजला होता. मी दुरुस्त करून घेतला."

"सात वर्षांपूर्वी. माझा मागच्याच महिन्यात प्रमाणित होऊन आलाय. कागद दाखवू?"

"कागद मीही लिहिते रे पोरा. बारा लिहिलेत."

मंगळवारी सकाळी तिच्या जुन्या मापकावर लाल चिठ्ठी चिकटवलेली होती. त्या कारखान्यात लाल चिठ्ठी लागली की त्या यंत्राला कुणी हात लावत नाही, अगदी मालकही नाही. चिठ्ठीवर क्रेगची सही होती आणि नियमानं तो चुकला नव्हता. संशयाला जागा असेल तर लाल चिठ्ठी, हा नियम चौऱ्याहत्तर साली खुद्द व्हर्लानंच करून घेतला होता.

ती तडक कारखान्याचा व्यवस्थापक ऑर्व्हिल झालाबाक याच्याकडं गेली. ऑर्व्हिल आणि ती एकाच चर्चमधले, एकाच बोलिंगच्या संघातले.

"शुक्रवारी ट्रक येतोय, व्हर्ला. छत्तीस खोकी. तू सही करत नाहीयेस असं ऐकलं."

"बरोबर ऐकलंस."

"पुढच्या वर्षी निवृत्त होतेयस. सुखानं केक खाऊन जा ना बाई. कशाला विस्तवाशी खेळतेस?"

"दोन मापकांतला एक खोटं बोलतोय. कुठला ते कळल्याशिवाय मी नाव लिहिणार नाही. आणि तो नवा असेल, तर बारा ठिकाणी मी खोटं लिहिलंय."

"आणि जुना असेल तर?"

"तर क्रेगची सगळ्यांसमोर माफी मागेन आणि एका घासात तुझा केक खाईन."

ऑर्व्हिलनं गाल फुगवून श्वास सोडला. "मापक तर तुझा बाद झालाय. मोजणार कशानं?"

"पातेल्यानं," व्हर्ला म्हणाली.

त्याला वाटलं चेष्टा करतेय. पण बुधवारी सकाळी बाई खरंच पातेलं घेऊन हजर झाली; ॲल्युमिनियमचं मोठं, दरसाल ऑगस्टमध्ये ती त्यात टोमॅटोच्या बरण्या उकळायची ते. त्यात तिनं ट्रान्सफॉर्मरचं तेल ओतलं आणि तेलात एक भार बुडवला. अँटेनाच्या जागी ट्रान्समीटरला जोडला की सगळी लहर गिळून जो गरम होतो, तो भार. पातेल्याभोवती लेनर्डचा शिकारीचा जाड लोकरी कोट गुंडाळला, झाकणातून थर्मामीटर खाली सोडला. डोरीन म्हणाली, "लेनर्ड जिवंतपणी नाही कधी इतका कामाला आला."

डाव साधा होता. आधी त्याच भाराला सरळ वीज द्यायची, बॅटरीतून येते तशी. ती किती वॅट आहे याबद्दल शाळेतल्या पोरालाही शंका नसते. दाब गुणिले प्रवाह, झालं. चाळीस वॅट सरळ वीज अर्धा तास दिल्यावर तेल बावीस अंशांनी तापलं. मग तेल गार होऊ द्यायचं, सुरुवातीच्या तापमानावर आणायचं, आणि त्याच भाराला ट्रान्समीटर जोडून अर्धा तास चालवायचा. खरंच चाळीस वॅट असतील तर पुन्हा बावीस अंश. कमी असतील तर कमी. डायोड राहू दे, जुना मापक राहू दे, तेलाला कुणाची बाजू नसते.

दुपारी दोन वाजता सगळा मजला टेबलाभोवती जमला. ऑर्व्हिल हाताची घडी घालून, क्रेग घड्याळ धरून. व्हर्लानं ट्रान्समीटर जोडला, खटके लावले, बटण फिरवून क्रेगच्या मापकावर चाळीस आणले आणि खुर्चीत मागं टेकून बसली. अर्ध्या तासानं क्रेगनं थर्मामीटर वाचला.

"बावीस," तो म्हणाला. मग जरा वाकून पुन्हा बघितलं. "बावीसच."

क्रेगच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं, आणि व्हर्लाला तेच जास्त लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ऑर्व्हिल हळूच म्हणाला, "घरी जा व्हर्ला. उद्या सकाळी सह्या कर." ती पातेल्यावरचं झाकण पुसत राहिली.

घरी जाऊन ती रडली असं कुणाला वाटत असेल तर तो तिला ओळखत नाही. तिनं बटाटे सोलले, खसखशीचे कोलाचे, म्हणजे चेक गोड पाव, खाल्ले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसली. सोमवारी जुना मापक एकतीस म्हणाला. बुधवारी पातेलं चाळीस म्हणालं. मापक ऊब मोजतो, पातेलंही ऊबच मोजतं. दोन उबा एकमेकींना खोटं पाडू शकत नाहीत. मापक भाजलेला असेल, म्हणजे क्रेगचं खरं. नाहीतर सोमवारी जे चालू होतं ते बुधवारी चालू नव्हतं. तेवढ्या एका शंकेला तिनं दातांनी धरून ठेवलं.

गुरुवारी सातच्या ठोक्याला ती डोरीनची वाट बघत दारात उभी होती.

"डोरीन, मी कालचं सगळं पुन्हा करते. तू माझ्या तोंडाकडं नको, हाताकडं बघ. काय काय दाबते ते मोठ्यानं बोल."

"मला न्याहारी तरी—"

"बघ म्हणते ना!"

डोरीन बघत राहिली. "वायर जोडलीस. वीज चालू केलीस. मग तो खटका दाबलास. मग गोल बटण फिरवतेयस, अडतीस, एकोणचाळीस, चाळीस..."

"थांब. कुठला खटका?"

"तो गं. हिरवा. नेहमीचा."

व्हर्ला आपल्या उजव्या हाताकडं बघतच राहिली. सदतीस वर्षं त्या हातानं मोजणीआधी हिरवा खटका दाबला होता, तिला न विचारता. आधी लहर सपाट, मग मोजणी. नव्या ट्रान्समीटरमध्ये त्या खटक्यानं आवाजाबरोबर आकड्यांची उसळीही तुटायची; काल सगळ्या मजल्यासमोर तिनं नाचरी लहर आधी सपाट केली होती आणि सपाट लहरीचे चाळीस वॅट पातेल्यात ओतले होते. सपाट लहर डायोडही बरोबरच मोजतो! त्याचं प्रमाणपत्र देणाऱ्यांनीही सपाट लहरीवरच तपासला असणार, कारण त्यांच्याही टेबलावर कुणी एमिल होऊन गेला असणार. सोमवारी मात्र तिनं कशालाच हात लावला नव्हता. लहर नाचत होती आणि तिनं फक्त मापक बदलले होते.

"माझाच हात!" ती म्हणाली. "माझाच हात मला फितूर झाला गं!" आणि ती इतकी हसायला लागली, की डोरीननं घाबरून तिच्यासाठी कॉफी आणली.

क्रेगला तिनं स्वतः जाऊन सांगितलं. कुणी दुसरं असतं तर चूक झाकून नवी चाचणी मागितली असती. ती म्हणाली, "काल मी घोळ घातला. हिरवा खटका दाबला."

क्रेगनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "आणि मी बघत असून मला दिसलं नाही."

"माझ्या टेबलावर तो दाबायचाच असतो रे. कुणाला दिसणार?"

तो खुर्चीत बसला. आता त्याचं डोकं चालायला लागलं होतं, आणि ते चालायला लागलं की चांगलं चालायचं. "लहर नाचत असेल," तो स्वतःशीच बोलत गेला, "तर दार उघडतं ते उसळीच्या टोकाला. टाकी टोकाला भरते. लहर खाली बसते तोवर दार मिटलेलं, टाकी भरलेलीच. म्हणजे डायोड सरासरी सांगतच नाही..."

"उड्या मारणाऱ्या पोराची उंची उडीच्या टोकाला मोजतो," व्हर्ला म्हणाली. "पोर तेवढं नसतं."

"असेल. पण हे बोलणं झालं." त्यानं वर बघितलं. "मोजू या?"

त्या दुपारी क्रेगनं हिरव्या खटक्यावर आपलं कॉफीचं रिकामं भांडं उपडं घातलं, म्हणजे कुणाचा हात चुकून जायला नको. लहर नाचत ठेवून मापकावर चाळीस आणले. व्हर्ला मुद्दाम पाच पावलं लांब उभी राहिली, हात पाठीमागं बांधून. सगळी मांडामांड क्रेगनंच केली आणि थर्मामीटरही तोच वाचणार होता. पंधरा मिनिटांनी तेल आठ अंश चढलं. विसाव्या मिनिटाला अकरा. ऑर्व्हिलनं बायकोनं दिलेलं सँडविच तसंच खिशात परत घातलं.

"वेळ झाली," क्रेग म्हणाला. त्यानं चष्मा पुसून घातला. "सतरा. सतरालाही जरासं कमीच."

ऑर्व्हिल म्हणाला, "वॅटमध्ये सांग."

"एकतीस." क्रेगचे कान लाल झाले होते. "तिचा मापक सोमवारी जे म्हणाला तेच. चाळीस म्हणून आपण एकतीस वॅट विकतोय."

"नऊ वॅटनं असा काय फरक पडतो?"

उत्तर व्हर्लानं दिलं. "गावात राहणाऱ्याला काही नाही. टेकडीआड काठावर बसलेल्याला आहे की नाही एवढा फरक पडतो. जुना रेडिओ खरखरला असता. हा गप्प बसला."

ऑर्व्हिल खिडकीशी गेला. बाहेर छत्तीस खोकी पट्ट्या मारून रचलेली होती. तो पाठमोरा राहूनच म्हणाला, "उघडा. सगळी उघडा. ट्रकवाल्याला मी सांगतो, उद्या मोकळा जा म्हणून." ऑर्व्हिल भित्रा होता, पण लबाड नव्हता.

क्रेगनं आपला मापकही टाकून दिला नाही. त्यानं लहरीचा अगदी थोडा अंश डायोडपर्यंत पोचेल असा मधे अडसर बसवला, कारण लहर फार क्षीण असली की डायोड टोकाला न भुलता सरासरीच सांगतो. "कमी पाजलं की खरं बोलतो," त्यानं सांगितलं. व्हर्ला म्हणाली, "माझ्या दिराचं नेमकं उलटं आहे." मग त्यानं स्वतः जाऊन तिच्या जुन्या मापकावरची लाल चिठ्ठी नखानं खरवडून काढली. डिंक राहिला तोही पुसला.

उरले बारा. ऑर्व्हिलनं म्हटलं, कार्यालयातून पत्रं जातील, 'सुधारणेसाठी भेट देऊ' वगैरे.

"जाऊ देत," व्हर्ला म्हणाली. "हॅकेट्स बेंडला मी जाते."

"तुझं काय काम? ते बाहेरगावी जाणारे मेकॅनिक करतील."

"कागदावर मेकॅनिकांचं नाव नाही, ऑर्व्हिल."

शनिवारी सकाळी ती आपल्या जुन्या गाडीतून निघाली, शेजारी क्रेग, मागच्या सीटवर त्याचा मापक, तिचा मापक आणि एल्डनचा छोटा रेडिओ. आपण बरोबर ठरलो याचा आनंद तिला गुरुवारी अर्धा तास झाला होता, तो कधीच सरला होता. आता ती बरोबर होती म्हणजेच फेब्रुवारीत चुकली होती. डोरीनच्या टेबलावर, लहर नाचती असताना, क्रेगच्या मापकावर दिसणारे आकडे तिनं उतरवले होते आणि खाली नाव लिहिलं होतं. मोजू या, असं तेव्हा तिच्या तोंडून आलं नव्हतं.

क्रेग टेकडीवर, पथकाचा ट्रान्समीटर होता त्या मनोऱ्यापाशी थांबला. खाली पथकाच्या शेडमध्ये रोली ग्रिमला तिनं सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. रोली धिप्पाड गडी, ऐकता ऐकता खाली बसला.

"तुमचं सगळं मान्य," तो म्हणाला. "पण त्या दिवशी त्याच्या तळघरात वाजला नसेलच, हे तुम्ही इथं बसून कसं सांगता?"

"इथं बसून नाही सांगत. तो छोटा रेडिओ घ्या आणि चला."

एल्डन रीसचं घर नदीच्या कडेला, टेकडीच्या ऐन सावलीत. पासष्टीचा वाळका माणूस, अंगाला लाकडाचा भुसा. रोलीला दारात पाहून तो आत वळणार होता, पण व्हर्लानं "तुमचं तळघर पाच मिनिटं द्या" म्हटलं आणि त्या आवाजाला नाही म्हणणं अवघड होतं. तिघं खाली उतरले. रेडिओ कापायच्या यंत्राशेजारी ठेवला. वर जाऊन व्हर्लानं एल्डनच्या फोनवरून मनोऱ्याच्या खोलीत फोनपाशी बसलेल्या क्रेगला सांगितलं, "आधी आहे त्याच ताकदीवर हाक दे." रेडिओ मुका. पुन्हा दिली. मुका. रोली रेडिओकडं टक लावून बघत होता. "आता चाळीस कर. खरे चाळीस."

मिनिटभरानं रेडिओ असा कडाडला, की रोली दचकला.

एल्डन मात्र हलला नाही. तो रेडिओकडं बघत उभा होता.

"मिस्टर रीस," व्हर्ला जिना उतरून आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली, "त्या दिवशी तुमचा रेडिओ वाजला नव्हता. ट्रान्समीटर कमी पडला. चाळीस वॅट आहेत असं मी लिहून दिलं होतं, ते नव्हते. सही माझी आहे. तुम्ही खरं बोलत होतात. मला माफ करा."

रोलीनं टोपी काढली आणि रेडिओ उचलून एल्डनच्या पुढ्यात धरला. एल्डननं तो घेतला, कमरेला अडकवला.

"मला कशाला सांगता बाई?" तो म्हणाला. "मला ठाऊकच होतं. मी इथंच होतो." त्यानं तळघराच्या उंच, अरुंद खिडकीकडं मान वळवली. तिथून रस्त्यापलीकडचं पांढरं घर दिसत होतं आणि त्यामागं काळा पडलेला मोकळा चौथरा. "इव्हर बाक्केन आणि मी चाळीस वर्षं शेजारी. मार्चपासून तो मला बघून तोंड फिरवतो. त्याला सांगा."

रोली पुढं झाला. "मी जातो. माझं गाव आहे."

"नाही," व्हर्ला म्हणाली.

तिनं चष्मा नीट केला, पर्स खांद्याला लावली आणि तळघराचा जिना चढून रस्त्यावर आली. पलीकडं अंगणात एक माणूस कुंपणाला तार ओढत होता, त्यानं काम थांबवून वर पाहिलं. व्हर्लानं रस्ता ओलांडला.